मधलं जाड पान

माणसाचं तोंड पानाच्या आत हवं, बाहेर नको. आमच्या धंद्यातलं हे पहिलं शास्त्र. उजव्या पानावरचा नवरदेव उजवीकडेच बघत असला तर तो अल्बम सोडून चाललाय असं वाटतं, आणि लग्नाच्या अल्बममधून नवरदेव निघून गेलेला कुठल्याच गिऱ्हाइकाला खपत नाही. हे शास्त्र मला स्टुडिओच्या मालकांनी शिकवलं. मी त्यांना भैया म्हणायचो आणि ते मला पंडितजी म्हणायचे, कारण झाशीत मराठी आडनाव ऐकलं की समोरचा माणूस एक तर किल्ल्यावरून उतरलेला सरदार असावा नाही तर देवळातून आलेला पुजारी, अशी लोकांची समजूत. माझी शरीरयष्टी बघून सरदाराची शक्यता कोणी धरत नसे.

सदर बाजारात खाली त्यांचा स्टुडिओ आणि वर, लाकडी जिना चढून गेलं की, मी. खोलीत एक कॉम्प्युटर होता आणि एक पंखा. पंखा कॉम्प्युटरसाठी होता. डिजिटल अल्बम तेव्हा नवीनच आले होते. त्याआधी काळ्या कागदावर कोपरे चिकटवून फोटो बसवत. आता दोन पानांचं मिळून एकच मोठं चित्र मी जुळवायचो, ते ग्वाल्हेरच्या लॅबमध्ये छापून, पुठ्ठ्यावर चढून, मखमली डब्यात बसून परत यायचं. अल्बम उघडला की दोन्ही पानं ताटासारखी सपाट. लोक हात फिरवून बघत. काही जण वास घेत.

माणूस बाहेर बघत असला तर त्याला आत वळवायची सोय कॉम्प्युटरवर असते. एक हुकूम दिला की फोटो आरशातल्यासारखा उलटा होतो. मला हा हुकूम इतका आवडला की मी झाशी जिल्ह्यातली निम्मी वऱ्हाडी मंडळी उलटी करून ठेवली. एका वरातीच्या मागे मिठाईच्या दुकानाची पाटी होती. छापून आल्यावर ती कोणालाच वाचता येईना आणि दुकानदार, जो नवरदेवाचा मामा निघाला, आमच्या जिन्यावर येऊन बसला. समथरच्या एका सासूबाईंचा पदर इकडच्या रिवाजानं उजव्या खांद्यावर होता, तो मी डाव्यावर नेला. त्यांनी फोटोकडे बघून भैयांना विचारलं, "ये कौन हैं?" भैया म्हणाले, "आप ही हैं माताजी." त्या म्हणाल्या, "हम ऐसे कब से हो गए?"

तेव्हापासून मी शहाणा झालो. म्हणजे उलटण्यापूर्वी पाटी बघायची, घड्याळ बघायचं, पदर बघायचा. एवढं बघितलं की माझ्या मते जगात उलटं होण्यासारखं काही उरत नव्हतं.

अशा शहाणपणाच्या काळात काकांचा अल्बम माझ्याकडे आला.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. झाशीत मराठी घरं इतकी थोडी की सख्खं-चुलत करत बसलं तर बोलायला माणूस उरायचा नाही. वयानं मोठे ते काका आणि त्यांच्या घरच्या त्या काकू. हे काका रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले. धर्मशास्त्राकडेही ते नकाशासारखंच बघत: पळी कुठं, पंचपात्री कुठं, दर्भाचं टोक कुठल्या दिशेला. एखादा भटजी चुकला तर ते मंत्र संपेपर्यंत थांबत आणि मग त्याला बाजूला घेऊन असा काही सोलून काढत की तो पुढच्या वेळी दुसऱ्या भटजीला पाठवी.

ऐंशी ओलांडल्यावर त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, लक्ष्मी तालाकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात. मुलगा नागपूरहून आला होता, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. दिव्यांनी ओवाळणं झालं, दादांनी काकांना पाटावर बसवून अभिषेक केला, जेवणं झाली. आणि नंतरच्याच आठवड्यात काका न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. मग भाजी घेताना पडले. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा ठोका मधूनच थांबतो. छातीत कातडीखाली बॅटरीचं छोटं यंत्र बसवावं लागेल, ते दिल्लीला होईल. आणि नाही बसवलं तर अशीच एक चक्कर शेवटची ठरेल.

काका दिल्लीला निघेनात. भीती ऑपरेशनची नव्हती, असं ते म्हणत. शकुन लागत नव्हता. पहिल्या खेपेला बॅगा दारात ठेवल्या आणि शेजारचं कोणीतरी शिंकलं. काका चपला काढून आत आले. दुसऱ्या खेपेला ऑटोत बसले, तर ऑटोवाल्यानं आपुलकीनं विचारलं, "बाबूजी, कहाँ जा रहे हैं?" निघालेल्या माणसाला कुठं निघालात म्हणून विचारू नये, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? काका उतरले, घरी आले आणि त्यांनी चहा मागितला. आता तिसरी तारीख ठरली होती.

काकू आमचा लाकडी जिना चढून वर आल्या. त्या आजवर कधी आल्या नव्हत्या. गुडघ्यावर हात ठेवून जरा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या.

"अल्बम त्यांना निघायच्या आधी मिळू दे," त्या म्हणाल्या. "पोटभर बघू देत. माणूस आनंदात असला की शिंका ऐकू येत नाहीत."

"नक्की देतो, काकू."

"आणि हे बघ. त्यात काही वेडंवाकडं नको. या खेपेला मागे फिरले तर पुन्हा उंबरा ओलांडायचे नाहीत. मी ओळखते त्यांना. आणि पुढली चक्कर जिन्यात येते की न्हाणीत, हे बघत मी घरात फिरायचं."

"वेडंवाकडं कसं होईल? मी स्वतः करतोय."

"म्हणून तर सांगायला आले."

मी जीव ओतून काम केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण आजवर मी जेवढे घोळ घातले ते सगळे जीव ओतूनच घातले आहेत; आळसात माझ्या हातून कधी कोणाचं वाईट झालेलं नाही.

अल्बमच्या बरोबर मध्यावर अभिषेकाचं पान. भैयांनी दादांचा एक सुरेख फोटो काढला होता. सोवळं नेसलेले, उघड्या अंगानं उभे, मान खाली, हातातून पाण्याची धार. फक्त दादा उजवीकडे बघत होते आणि मला ते उजव्या पानावर हवे होते. म्हणजे तोंड अल्बमच्या बाहेर. मी पाटी बघितली, पाटी नव्हती. घड्याळ बघितलं, सोवळ्यात कुठलं घड्याळ? पदराचा प्रश्नच नव्हता. मी दादांना आत वळवलं.

मग मला देवळाच्या भिंतीवरचा बल्ब खटकायला लागला. तो काढला, भिंतही काढली, आणि दादांच्या मागे लक्ष्मी ताल आणून ठेवला, संध्याकाळचा, पाण्यावर तांबूस उजेड. आता काकांना कुठं घालायचं? पाटावर बसलेले काका त्या तळ्याकाठी बरे दिसेनात. तेव्हा मला सुचलं, आणि ते सुचलं त्या क्षणी मी खुर्चीतून उठून स्वतःभोवती एक फेरी मारली होती. मी काकांचा चेहरा डाव्या पानावर वर ढगांत घेतला, मोठा, कडा विरत गेलेल्या. समारंभात घातलेला हार गळ्यात होताच, तो राहू दिला. चेहरा थोडा पुसट केला. खाली तळं, तळ्याकाठी मुलगा, आणि आकाशातून हसणारा बाप.

भैयांनी बघून मान डोलावली. "पंडितजी, इस बार तो कमाल कर दिया."

अल्बम ग्वाल्हेरहून आला तो नेमका माझ्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी दुपारची काकांची दिल्लीची गाडी. मी घरी सोवळ्यात. त्यामुळे भैयांनी डबा न उघडताच सकाळी दादांच्या हाती दिला. सगळं वेळेवर. मी निश्चिंत मनानं पाटावर बसलो.

गुरुजींनी सुरुवात केली. मी पळीनं पाणी सोडत होतो, अक्षता वाहत होतो, आणि मनातल्या मनात काकांच्या घरी चाललेलं कौतुक ऐकत होतो. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "अपसव्य."

मी आणखी एक पळी पाणी सोडलं.

"अपसव्य करा, यजमान. पितरांचं कर्म आता. जानवं उजव्या खांद्यावर घ्या."

एरवी जानवं डाव्या खांद्यावर असतं. देवाचं काम, लग्न, मुंज, अभिषेक, सगळं तसंच. मेलेल्या आईबापांना पाणी द्यायचं तेव्हाच ते उजव्या खांद्यावर घेतात. मी जानवं सरकवलं. हातात तीळ घेतले, मान खाली घातली, पाण्याची धार सोडली. आणि खाली बघता बघता मला माझं पान दिसलं.

मी दादांना उलटं केलं होतं. म्हणजे दादांचं जानवं आता उजव्या खांद्यावर होतं. म्हणजे दादा तळ्याकाठी उभे राहून, उजव्या खांद्यावर जानवं घेऊन, मान खाली घालून पाणी सोडत होते, आणि वर ढगात, गळ्यात हार घातलेले, पुसट झालेले काका ते पाणी स्वीकारत होते.

जगात दुसऱ्या कोणालाही ते पान सुंदर वाटलं असतं. भैयांना वाटलंच होतं. पण काका! दर्भाचं टोक बघणारे काका! त्यांना ते पान म्हणजे स्वतःच्या तर्पणाचा फोटो दिसणार होता, दिल्लीला निघायच्या आदल्या दिवशी, मखमली डब्यात. ऑटोवाल्याच्या एका प्रश्नावर चपला काढणारा माणूस.

"पाणी थांबलं," गुरुजी म्हणाले.

दारात बायको नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिला वाटलं, मीठ राहिलं. मी पुटपुटलो, "भैयांना फोन लाव. अल्बम खरंच गेला का विचार."

"आत्ता?"

"आत्ताच!"

तिनं ताट ठेवून मोबाइल आणला आणि तिथूनच बोलू लागली. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "जी भैया... जी, पूजा में बैठे हैं... अच्छा." मग माझ्याकडे वळून, "सकाळीच नेला म्हणतात. दादा फार खूश होते. काय झालं विचारतायत."

"सांग, दादा उलटे झालेत."

"दादांना उलट्या होतायत?"

"उलट्या नाही गं, उलटे! त्यांचं जानवं..."

"यजमान," गुरुजींनी पळी खाली ठेवली, "मन पितरांपाशी ठेवा."

माझं मन पितरांपाशीच होतं. फक्त ते पितर अजून जिवंत होते.

बायकोनं काकांच्या घरी फोन लावला. तो कोणी उचलेना. माझ्या डोळ्यांपुढे दिसू लागलं: फोन वाजतोय, आणि उचलणार कोण? सगळे काकांभोवती गोळा झालेले. श्राद्धातून यजमानाला उठता येत नाही. पिंड झाले, मग ब्राह्मणभोजन. आता ज्यांनी कधी श्राद्ध घातलं नाही त्यांना सांगतो, यजमानानं पानापुढे हात जोडून उभं राहून जेवणाऱ्यांना "सावकाश होऊ द्या" म्हणायचं असतं. मी म्हणत होतो. घड्याळाकडे बघून म्हणत होतो. गुरुजींनी ते मनावर घेतलं. वडे घेतले, खीर घेतली, आमसुलाची चटणी बोटानं निपटून घेतली, आणि माझ्या वडिलांना वडे किती आवडत याची एक आठवण सांगितली.

"आणखी खीर?" आईनं विचारलं.

मी आईकडे असं काही बघितलं की ती वाढायचं पातेलं घेऊन मागे सरली. गुरुजी म्हणाले, "अर्धी वाटी चालेल."

दक्षिणा देऊन, नमस्कार करून, शर्ट अडकवून मी स्कूटर काढली. "जेवून तरी जा," आई मागून ओरडली. रस्त्यात मी सबबी जुळवत होतो. लॅबचा फोन आला, पानं परत मागवलीत. शाई ओली आहे. दुसऱ्याच कोणाचा अल्बम आलाय. प्रत्येक सबब पुढच्या वळणावर मूर्खपणाची वाटायची. आणि मध्येच दुसरं चित्र समोर यायचं: काकांच्या घराचं दार, दारात चपला, बॅगा पुन्हा कपाटात. मग ते न्हाणीघर.

दार दादांनी उघडलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"अरे ये ये. तुझीच वाट बघतायत बाबा. म्हणाले, ज्यानं केला तो आल्याशिवाय उघडायचा नाही."

म्हणजे अजून बघितला नव्हता! मला दादांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. "कुठंय अल्बम?"

"आई आत घेऊन गेलीय. देवापुढे ठेवते म्हणाली."

काका बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते, धुवट धोतर, चष्मा पुसून तयार. शेजारी भरलेल्या बॅगा. "काय रे, श्राद्ध झालं का नीट? अपसव्य केव्हा सांगितलं गुरुजींनी? तो नेहमी लवकर सांगतो."

"आज जरा उशिराच सांगितलं, काका," मी म्हणालो. खरंच उशीर झाला होता.

"काका, तो अल्बम मी जरा परत नेऊ का? एक पान..."

"नेतोस कुठं? उद्या आम्ही निघालो." एवढं बोलून ते दचकले. निघालो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं असतं. त्यांनी घाईनं खुर्चीच्या लाकडाला हात लावला. या अवस्थेत होता माणूस.

काकू आतून अल्बम घेऊन आल्या. हात पदराला पुसत होत्या. डबा नव्हता, नुसता अल्बम, आणि तो जरासा कोमट लागला मला. मी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. "मी पानं उलटतो, काका. जड आहेत." माझा बेत असा: मधलं पान आलं की दोन पानं एकदम उलटायची. पुठ्ठ्याची पानं, जाड, बोटं घामेजलेली, आणि समोर जन्मभर नकाशे बघितलेला माणूस. पण दुसरं सुचत नव्हतं.

पहिलं पान. गणपतीपूजन. "छान." दुसरं. ओवाळणं. काका एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावं घेत होते, कोण आलं, कोण आलं नाही, कोण का आलं नाही. मला ते ऐकू येत नव्हतं. मी अंगठ्यानं पुढची पानं चाचपत होतो. महालक्ष्मीचा कळस झाला. आता पुढचं. मी दोन पानं एकदम धरायला बोटं सरकवली, आणि बोट आत जाईना. दोन्ही पानं एकच झाली होती. मी नख घातलं. कडेला काहीतरी पांढरं, किंचित ओलसर. मी वर बघितलं तर काकू माझ्याकडेच बघत होत्या, डोळे मोठे करून, शाळेतल्या बाईंसारख्या.

मी पान उलटलं. ते पान मुकाट्यानं, एकसंध, दाराच्या फळीसारखं उलटलं. पलीकडे जेवणाची पंगत होती.

काकांचा हात पुढे आला. त्यांनी ते पान दोन बोटांत धरून बघितलं. "हे जाड का रे?"

"मधलं पान आहे, काका," मी म्हणालो. "मधलं जाडच ठेवतात. अल्बमला आधार लागतो."

"पुलाला मधे खांब असतो तसं," काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत काकू पुलाविषयी प्रथमच बोलत होत्या बहुधा. "खांब," ते म्हणाले. "बरोबर आहे. पण कागद ओलसर लागतोय."

"नवीन आहे ना," मी म्हणालो. "नवीन असताना लागतो."

मान्य झालं. पंगत बघून झाली, आहेर बघून झाले. शेवटचं पान मिटलं. मग काका म्हणाले, "दादाचा अभिषेकाचा फोटो नाही का आला? पाणी घालताना डोळे भरले होते त्याचे. मी बघितलं होतं पाटावरून. तोच एक फोटो मला हवा होता."

दादा खिडकीबाहेर बघायला लागले. तो फोटो तिथंच, त्यांच्या मांडीवर, दोन पुठ्ठ्यांच्या मधे होता.

"आलाय, काका," मी म्हणालो. "चांगलाच आलाय. म्हणूनच अल्बममध्ये घातला नाही. मोठा करून फ्रेम करतोय. तुम्ही दिल्लीहून आलात की भिंतीवर लावू."

"आल्यावर?"

"आल्यावर."

"म्हणजे यावं लागेल," काका म्हणाले आणि बॅगांकडे बघितलं.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून मी काकूंच्या मागे गेलो. ओट्यावर वाडग्यात कणकेची खळ उरलेली होती, शेजारी पाटा-वरवंट्यातला पाटा, स्वच्छ पुसलेला. त्याखाली दाबून ठेवला होता अल्बम.

"देवापुढे ठेवायच्या आधी मी म्हटलं एकदा चाळून बघावं," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "तुझं काम म्हणून. मेल्या, ढगात घातलास होय रे त्यांना?"

"काकू, मी..."

"हार घालून?"

"हार त्यांच्या गळ्यातच होता हो."

"फोन वाजत होता, हात खळीनं भरलेले. खळ लागेना त्या गुळगुळीत कागदाला. दोनदा लावली. जा आता, आणि ती फ्रेम नीट कर. कोणाला काही उलटंसुलटं करू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर गेलो नाही. माझ्या तोंडून काय निघेल याचा मलाच भरवसा नव्हता. "कुठं निघालात" असं विचारून बसलो असतो. दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसून राहिलो. गाडीची वेळ टळून गेली तेव्हा दादांचा फोन आला की बसले. रस्त्यात कोणी शिंकलं होतं का, मी विचारलं. दादा म्हणाले, "मीच शिंकलो. बाबा झोपल्याचं सोंग करून पडले होते."

मग दिल्लीहून काही कळेना. फ्रेमचं काम मी सात वेळा केलं म्हणालो तर खोटं होईल, पण इतक्या वेळा केलं की भैया वर येऊन म्हणाले, "पंडितजी, फोटो है, अब छोड़ दो." न उलटलेला फोटो. जानवं डाव्या खांद्यावर. तरी मला खात्री पटेना. मी शर्ट काढून आरशासमोर उभा राहायचो, फोटोशी ताडून बघायचो, आणि आरशात माझंच जानवं उजव्या खांद्यावर दिसायचं, की मी पुन्हा कॉम्प्युटर सुरू करायचो. शेवटी बायकोला पुढे उभं करून विचारलं, "हे कुठल्या खांद्यावर आहे?" ती म्हणाली, "तुम्ही आधी काहीतरी खाऊन घ्या." रोज सकाळी फोन वाजला की मी बायकोला उचलायला लावायचो. यंत्र बसलं नाही तर? बसून बिघडलं तर? आणि त्यांनी ऐनवेळी, गुंगीत जाता जाता, ते पान का जाड होतं याचा विचार केला तर?

यंत्र बसलं. काका घरी आले. मी फ्रेम कागदात गुंडाळून काखेत मारली आणि मोठ्या तोऱ्यात काकांच्या घरी गेलो.

दारातूनच आवाज ऐकू आला. काका आरामखुर्चीत, मांडीवर अल्बम, आणि अल्बम मध्यावर उघडा. खळ सुकून पापुद्र्यांसारखी सुटली होती आणि कडेनं मुंग्यांची रांग लागलेली होती.

"ये!" काका गरजले. "ये, ये! बस. नाही, उभाच राहा. हे काय आहे?"

"काका, ते जानवं..."

"जानवं मला दिसतंय! बाप जिवंत असताना मुलानं अपसव्य करायचं? कुठल्या पोथीत वाचलंस? आणि मी कुठं आहे? मी वर काय करतोय? मला तुम्ही ढगात बसवलंत आणि खाली मुंग्यांना जेवायला घातलंत?"

दादा कोपऱ्यात उभे होते. काकू दारात. मी काखेतली फ्रेम घट्ट धरली. इतका मोठा आवाज मी काकांचा आजवर ऐकला नव्हता. चकरा सुरू झाल्यापासून तर ते दोन वाक्यांनंतर दम घेत. आता ते दम घेत नव्हते. चेहरा लाल, चष्मा नाकावर. जानवंसुद्धा रागावल्यासारखं गळ्यात माळेसारखं लोंबत होतं. टाके डाव्या खांद्याखाली पडले होते, तिथं घासू नये म्हणून हॉस्पिटलातल्या सिस्टरनं जानवं पलीकडे घ्या म्हटलं होतं. काकांनी तिला अपसव्य म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि माळेसारखं घातलं, ते शास्त्राला चालतं म्हणून.

"हळू बोला हो," काकू म्हणाल्या. "टाके आहेत."

"टाके टाक्यांच्या जागी आहेत! आणि तुला विचारतो, हे पान बघ. हा कुठल्या हातानं पाणी घालतोय? डाव्या! डाव्या हातानं बापाला..."

आणि ते थांबले. एकदम, वाक्याच्या मध्यावर. हात छातीकडे गेला, डाव्या खांद्याखाली, आणि तिथंच राहिला. डोळे मिटले.

दादांच्या हातात मोबाइल होता, त्यांना नंबर दाबता येईना. काकूंनी चौकट धरली. मी फ्रेम धरून उभा, आणि माझ्या डोक्यात एकच: माझ्याच पानानं शेवटी नेलं. दिल्लीपर्यंत जाऊन, यंत्र बसवून, घरी येऊन, खुर्चीत बसून.

काकांची बोटं हलली. आधी हळू, मग जोरात. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"खाजतंय मेलं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला होता, खाजवू नका." आणि त्यांनी मनसोक्त खाजवून घेतलं. मग चष्मा सारखा केला, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना आठवेना.

"तर मी काय म्हणत होतो?"

काकूंनी चौकट सोडली, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "डाव्या हातापर्यंत आला होतात."